जुन्या डिझेल जीपमधील इंधनदाब तपासणी

जुन्या डिझेल जीपमधील इंधनदाब तपासणी म्हणजे टाकीपासून नोझलपर्यंतच्या मार्गात डिझेल ठिकठिकाणी किती दाबाने वाहत आहे, हे दाबमापक लावून पाहण्याची पद्धत होय. संगणकीय नियंत्रण येण्यापूर्वीच्या, म्हणजे यांत्रिक पंप असलेल्या गाड्यांना ती लागू पडते. गाडी चढात खेचत नसेल, सकाळी सुरू होण्यास वेळ घेत असेल किंवा चालता चालता अचानक बंद पडत असेल, तर दोष नेमका कोठे आहे हे या तपासणीतून बहुतांशी कळते. अशा दोषांचे खापर सामान्यतः मुख्य पंपावर फोडले जाते. प्रत्यक्षात टाकी, नळ्या, फीड पंप व गाळणी या स्वस्त व सहज हाती येणाऱ्या भागांतच दोष असण्याचा संभव अधिक असतो. तो भाग मोजून पाहण्याआधी मुख्य पंप उतरविणे हे खर्चाचे, आणि पंपाच्या दृष्टीने हानीचेही ठरते.

पार्श्वभूमी

सातारा व सांगली या जिल्ह्यांचा डिझेल एंजिनाशी संबंध जुना आहे. सातारा येथे सर धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात स्वातंत्र्यपूर्व काळातच डिझेल एंजिने तयार होऊ लागली होती. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली तत्कालीन औंध संस्थानात वसविलेली किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडते. विहिरींवरील डिझेल एंजिनांमुळे पंप, नोझल, फिल्टर हे शब्द मोटारगाडी दारात येण्यापूर्वीच कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात रुळलेले होते.

महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्या गाड्या पेट्रोलवर चालत. पुढे ट्रॅक्टरच्या घडणीवर आधारलेली डिझेल एंजिने जीपमध्ये बसविली जाऊ लागली, आणि १९८० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने एक्सडीपी ४.९० हे २,११२ घनसेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे एंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागले. एमएम ५४० ही जीप या एंजिनामुळे ओळखली जाते. त्याच सुमारास बजाज टेम्पोची ट्रॅक्स ही गाडी मर्सिडीजच्या ओएम ६१६ या एंजिनावर बाजारात आली. पाटण, जावळी, शिराळा यांसारख्या डोंगरी तालुक्यांत आणि जत, आटपाडीच्या माळावर या गाड्यांनी प्रवासी वाहतूक केली. त्या वाहतुकीला या भागात ‘वडाप’ म्हणतात. त्यांतील पुष्कळ गाड्या आज शेतावर, दुधाच्या वाहतुकीला किंवा हौशी मालकांकडे उरल्या आहेत.

या गाड्यांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेकांची एंजिने मधल्या काळात बदललेली असतात. पेट्रोल जीपला ट्रॅक्टर घराण्यातील एंजिन बसविणे हा एकेकाळी सर्रास चालणारा प्रकार होता. म्हणून बोनेटवरील नाव वाचून दाबाचा आकडा ठरवू नये. पंपावरील धातूची पट्टी वाचावी आणि त्या पंपाच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. पुढे दिलेले आकडे साधारण मर्यादा दाखविणारे आहेत.

इंधनमार्गाची रचना

डिझेलच्या प्रवासाचे तीन टप्पे पडतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पहिला टप्पा चोषणाचा. येथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो. फीड पंपापासून गाळणीमार्गे मुख्य पंपापर्यंतचा दुसरा टप्पा अल्प दाबाचा असून तेथील दाब फार तर दीड-दोन बार इतका असतो. मुख्य पंपापासून लोखंडी नळ्यांतून नोझलपर्यंतचा तिसरा टप्पा उच्च दाबाचा. तेथे शंभर बारच्या वर दाब जातो. एक बार म्हणजे जवळपास एक वातावरणाचा दाब. गॅरेजमधील जुन्या गेजवर तो १४.५ पौंड किंवा १.०२ किलो असा वाचला जातो.

मुख्य पंपाला ग्रंथभाषेत अंतःक्षेपण पंप म्हणतात. मराठी विश्वकोशाचे संपादन ज्या वाईत झाले, त्याच वाईच्या गॅरेजमध्ये मात्र त्याला नुसते ‘पंप’ म्हणतात आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही. या लेखातही पुढे पंप म्हणजे हाच पंप, आणि टाकीतून डिझेल ओढून आणणारा तो फीड पंप, असा अर्थ घ्यावा.

पंपाचे दोन प्रकार आढळतात. रांगेतील पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र दट्ट्या असतो. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२७ साली अशा पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. ओएम ६१६ एंजिनावर हा प्रकार दिसतो. त्याच्या कुशीला दट्ट्याचा छोटा फीड पंप आणि हाताने दाबण्याचा प्राइमर असतो. दुसरा प्रकार फिरत्या पंपाचा. त्यात एकच यंत्रणा आळीपाळीने सर्व सिलिंडरांना डिझेल वाटते. प्यूजो घडणीच्या एंजिनांवर फिरता पंप असतो. बॉश घडणीच्या फिरत्या पंपाच्या पोटात पात्यांचा एक लहान पंप बसविलेला असतो. एंजिनाची गती वाढली की त्याने निर्माण केलेला आतला दाबही वाढतो आणि त्या दाबावरच डिझेल केव्हा सोडायचे याची वेळ मागेपुढे होते.

दोन्ही प्रकारांतील दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांमधील फट दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहून कमी असते. येथे वंगणाचे कामही डिझेलच करते. डिझेल कमी पडले, त्यात पाणी आले किंवा धूळ शिरली, तर झीज होते ती याच ठिकाणी. म्हणून अल्प दाबाच्या बाजूची उपेक्षा ही अखेर पंपाच्या मुळावर येते.

अल्प दाब का महत्त्वाचा

भरल्या ओझ्याने चढणाऱ्या दोन लिटरच्या एंजिनाला एका वेळी एका सिलिंडरसाठी लागणारे डिझेल सुमारे तीस ते चाळीस घनमिलिमीटर असते. चार मिलिमीटर व्यासाच्या साबुदाण्याच्या दाण्याचे आकारमान जवळपास तेवढेच भरते. त्यात हवेचा बारीकसा बुडबुडा शिरला तरी त्या फेरीचा हिशेब चुकतो. डिझेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. पंपाने उत्पन्न केलेला दाब बुडबुडा चेपण्यात खर्च होतो आणि नोझल उघडतच नाही. एंजिन धडधडते, मार खाते किंवा बंद पडते.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी. फीड पंपाच्या पुढे कोठे गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकते आणि डोळ्यांना दिसते. फीड पंपाच्या मागे, म्हणजे चोषणाच्या बाजूस फट असेल, तर डिझेल बाहेर येत नाही. बाहेरची हवा आत ओढली जाते. नळी वरून कोरडी व स्वच्छ दिसते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा शिरून नळीतील डिझेल मागे टाकीत उतरते आणि सकाळी सुरू करताना बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर फिरवावा लागतो. ‘गाडी एअर घेते’ हा गॅरेजमधील वाक्प्रचार या स्थितीचे शास्त्रीय वर्णनच आहे.

चोषणाचा भार किती असावा याचा अंदाज साध्या गणिताने येतो. डिझेलची घनता पाण्याच्या सुमारे ०.८३ पट असल्याने एक मीटर उंचीच्या डिझेल स्तंभाचा दाब सुमारे ०.०८ बार होतो. टाकीतील पातळी फीड पंपाच्या अर्धा मीटर खाली असेल तर केवळ उंचीपोटी ०.०४ बार खर्ची पडतात. नळीतील घर्षण धरूनही हा आकडा ०.१ बारच्या आसपास राहावा. गेजवर ०.३ बार निर्वात दिसत असेल तर नळी चेपलेली आहे, टाकीतील जाळी तुंबली आहे किंवा टाकीला हवा मिळत नाही, असे समजावे.

गेज लावण्यापूर्वी

काही तपासण्यांना कोणतेही उपकरण लागत नाही. एंजिन चालू असता टाकीचे झाकण उघडावे. हवा आत घुसल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि एंजिन सुधारले, तर झाकणाचे छिद्र बुजलेले आहे. चिखलातून फिरणाऱ्या गाडीत हे नेहमीचे असते आणि टाचणीने दुरुस्त होते.

दुसरी तपासणी वेगळ्या डब्याची. गाडीची टाकी व तिची नळी बाजूला ठेवून फीड पंपाला स्वच्छ डब्यातून थेट डिझेल द्यावे. परत येणारी नळीही त्याच डब्यात सोडावी. डब्यावर गाडी निर्दोष चालली तर पंप, गाळणी व नोझल यांना हात लावण्याचे कारण उरत नाही. फीड पंपाच्या आधी व नंतर वीतभर लांबीची पारदर्शक नळी जोडल्यास बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. सुरुवातीचे थोडे बुडबुडे निघून जातात. पाच मिनिटांनंतरही ते येत राहिले तर हवा शिरत आहे.

बांजो बोल्टखालील तांब्याचे वॉशर हा हवा शिरण्याचा ठरलेला मार्ग होय. एकदा आवळलेला तांब्याचा वॉशर कठीण होतो व पुन्हा नीट बसत नाही. नवा घालणे उत्तम. तो न मिळाल्यास जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून थंड करतात, त्यामुळे तांबे पुन्हा मऊ होते. पुसण्यासाठी सुताचा बोळा वापरू नये. त्याचे तंतू गाळणीच्या पुढे शिरले तर नोझलपर्यंत जातात.

अल्प दाबाची तपासणी

यासाठी शून्य ते चार बारचे गेज लागते. पुष्कळ ठिकाणी हाताशी असलेले सोळा बारचे गेज लावले जाते, ते निरुपयोगी आहे. ज्या गेजवरची पहिली रेघच एक बारची आहे, त्यावर ०.३ आणि ०.५ यांतील फरक कोण वाचणार? डिझेल सोसणारी नळी, टी आकाराचा जोड आणि चांगल्या पकडी एवढे साहित्य पुरेसे असते.

गेज प्रथम गाळणीनंतर, पंपात शिरण्याच्या तोंडाशी जोडावे. प्राइमर दाबून गाळणीवरील स्क्रूतून बुडबुडे संपेपर्यंत हवा काढावी आणि मग एंजिन सुरू करावे. पडद्याचा फीड पंप असेल तर सुमारे ०.२ ते ०.४ बार दाब दिसतो. रांगेतील पंपावरील दट्ट्याच्या फीड पंपाला एक ते दीड बार अपेक्षित असतो. यानंतर तेच गेज गाळणीच्या आधी जोडून पुन्हा वाचावे.

दोन वाचनांतील फरक हा या तपासणीचा गाभा आहे. समजा, दट्ट्याच्या फीड पंपाच्या गाडीत गाळणीआधी १.४ बार व नंतर ०.६ बार आला. तर फीड पंप उत्तम असून गाळणी तुंबलेली आहे. गाळणीआधीच ०.५ बार असेल तर दोष मागे आहे. मग फीड पंपाच्या आधी निर्वात मोजावा. निर्वात जास्त आढळल्यास नळी वा टाकी तुंबलेली. निर्वात अगदी कमी, पण नळीत बुडबुडे असतील तर हवा शिरत आहे. दोन्ही नसेल तर फीड पंपाची झडप, स्प्रिंग किंवा पडदा गेलेला आहे. दोन्ही ठिकाणी दाब सारखाच पण कमी असेल आणि फीड पंपही निर्दोष ठरला, तर परतीच्या मार्गावरील झडप पाहावी. तिची स्प्रिंग ढिली पडली की डिझेल पंपाकडे न जाता टाकीकडे धावते. ही झडप काही रुपयांची असते आणि बहुधा सर्वांत शेवटी आठवते.

फिरत्या पंपाच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. बॉश घडणीच्या फिरत्या पंपाचे आत येण्याचे व बाहेर जाण्याचे बोल्ट दिसायला सारखे असतात. बाहेर जाण्याच्या बोल्टमध्ये मात्र अगदी बारीक छिद्र असते आणि त्यावरच पंपातील दाब टिकून राहतो. सफाईच्या वेळी त्यांची अदलाबदल झाली तर पंपात डिझेल पुरेसे शिरत नाही, आतला दाबही उभा राहत नाही आणि धडधाकट पंप बिघडल्यासारखा वागू लागतो. हा पंप आतून किती दाब देतो हे पाहताना गेज परतीच्या तोंडाशी तोच बोल्ट कायम ठेवून लावतात. एंजिन मंद फिरत असताना दोन-तीन बार आणि वेगात सहा-सात बारच्या आसपास वाचन मिळते. त्यासाठी दहा बारचे वेगळे गेज घ्यावे.

चढातील वाचन

उभ्या गाडीत मिळालेले वाचन अपुरे असते. मंद फिरणाऱ्या एंजिनाला डिझेल इतके थोडे लागते की अर्धी तुंबलेली गाळणीही ते पुरविते. दोष उघडा पडतो तो ओझे आल्यावर. म्हणून लांब नळी जोडून गेज समोरच्या काचेच्या चौकटीला बाहेरून बांधतात आणि गाडी चढाला नेतात. डिझेलने भरलेली नळी चालकाच्या कक्षात घेऊ नये. चालकाने रस्ता पाहावा व सोबत्याने गेज वाचावे. एकट्याने ही तपासणी करू नये.

सातारा जिल्ह्यात यासाठी जागांची वाण नाही. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट सुमारे पावणेसहाशे मीटर चढतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलेल्या पेडलवर काही मिनिटे सलग गाडी चालविता येते, तेवढे पुरे होते. सपाट भागात भरलेली ट्रॉली मागे लावून तोच परिणाम साधता येतो. दाब हळूहळू घसरत जाऊन पेडल सोडताच पूर्ववत झाला तर मार्ग तुंबलेला आहे. काटा थरथरत राहिला तर हवा शिरत आहे. तीव्र चढावरच अचानक दाब शून्य झाला आणि टाकी अर्ध्याहून रिकामी असेल, तर ओढनळीचे तोंड डिझेलच्या पातळीबाहेर येत असावे. विलीस घडणीच्या जीपमध्ये टाकी चालकाच्या आसनाखाली, रुंद व उथळ असते. तिच्यात हे सहज घडते आणि तो बिघाड नव्हे.

दाब शेवटपर्यंत स्थिर राहूनही गाडी खेचत नसेल, तर अल्प दाबाची बाजू निर्दोष ठरली. ही माहितीही मोलाची आहे. मग पंप, नोझल, कॉम्प्रेशन व हवेची गाळणी यांचा विचार करावा. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी असतो. पंप तेवढेच डिझेल देत राहतो आणि हवा मात्र विरळ असते. अशा वेळी निघणारा काळा धूर व घटलेली ताकद यांचा इंधनदाबाशी संबंध नसतो. थंडीतील सकाळचा पांढरा धूर व न सुरू होणारे प्यूजो एंजिन यांमागेही पुष्कळदा ग्लो प्लगच असतात.

नोझलची तपासणी

उच्च दाबाची बाजू गाडीवर मोजली जात नाही. नोझल उतरवून ती हातपंपाच्या चाचणी यंत्रावर लावतात. हे काम पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानात होते. यंत्राचा दांडा हळूहळू दाबत गेले की गेजचा काटा चढतो आणि नोझल उघडताच किंचित मागे येतो. तो कमाल आकडा म्हणजे नोझलचा उघडण्याचा दाब. एक्सडीपी किंवा ओएम ६१६ यांसारख्या, पूर्वकक्षात डिझेल सोडणाऱ्या एंजिनांत तो साधारण ११० ते १४० बार असतो. थेट सिलिंडरमध्ये डिझेल सोडणाऱ्या ट्रॅक्टर घराण्यातील एंजिनांत तो १८० ते २५० बारपर्यंत जातो. आतील पातळ चकती बदलून तो कमीजास्त करता येतो. चारही नोझलांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे हे एखाद्या नोझलचा आकडा अचूक असण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

दाबाखेरीज तीन गोष्टी पाहतात. उघडण्याच्या दाबापेक्षा वीस बार कमी दाब देऊन दहा सेकंद धरल्यास नोझलच्या टोकाशी थेंब जमू नये. फवारा सरळ व धुक्यासारखा असावा. एका बाजूला झुकलेली धार चालत नाही. दांडा दाबताना चांगली नोझल करकर आवाज करते. मुकी नोझल बहुधा चिकटलेली असते. पंप प्रत्येक फेरीत किती डिझेल देतो, हे मात्र यातील कशावरूनही कळत नाही. त्यासाठी पंप कॅलिब्रेशनच्या बाकावर चढवून काचनळ्यांत डिझेल मोजावे लागते. बाकाविना, अंदाजाने पंपाचा स्क्रू फिरवून ‘पिकअप’ वाढवून घेण्याची रीत धूर वाढविते आणि एंजिनाचे आयुष्य घटविते.

इंधनाची प्रत

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानकाचे डिझेल लागू झाले. त्यातील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहा भाग इतके खाली आले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही घटतो. तो भरून काढण्यासाठी शुद्धीकरण कारखान्यातच पूरक द्रव्ये मिसळतात. गंधक घटल्यानंतर जुन्या पंपांतील रबरी सील आकसून गळती सुरू झाल्याच्या तक्रारी परदेशांतही पूर्वी झाल्या होत्या. अशा सीलची जागा नव्या प्रकारच्या रबराचे सील घेतात.

याहून घातक प्रकार रॉकेलच्या भेसळीचा. रॉकेल पातळ असते. पंपाच्या फटीतून ते निसटते आणि वंगण देत नाही. एंजिन थंड असता ठीक व तापल्यावर सुरू न होणे हे झिजलेल्या पंपाचे लक्षण असून भेसळीचा इतिहास असलेल्या गाडीत ते लवकर दिसते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवल्यास आतील दमट हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते साचते. कोयना व कास परिसरातील गाड्यांत गाळणीच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी सोडण्याचे काम त्यामुळे अधिक वेळा करावे लागते.

धोके

नोझलमधून १२० बार दाबाने मोकळ्या हवेत सुटणाऱ्या धारेचा वेग गणिताने सेकंदाला सुमारे १७० मीटर, म्हणजे ताशी सहाशे किलोमीटर भरतो. ही धार कातडी भेदून हाताच्या आत शिरते. उच्च दाबाच्या नळीला पडलेली केसासारखी चीरही असेच काम करते. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, रक्त फारसे येत नाही आणि पहिल्या तासात वेदनाही बेताची असते. म्हणूनच ही इजा फसवी आहे. आत गेलेले डिझेल स्नायू व शिरांच्या वाटेने पसरते, पेशी मृत होऊ लागतात आणि बोट वा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. हात धुऊन, हळद लावून कामाला लागणे हा यावर उपाय नव्हे. काही तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. जतच्या पूर्व भागातून मिरजेला किंवा कोयनेच्या खोऱ्यातून कराडला पोहोचण्यात जाणारा वेळ लक्षात घेता, वेदनेची वाट न पाहता तत्काळ निघावे. ‘उच्च दाबाचे डिझेल हातात शिरले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे. नुसती ‘टोचले’ असे सांगितल्यास धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन परत पाठविले जाण्याचा संभव असतो.

गळती शोधण्यासाठी म्हणून बोट कधीही फिरवू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. नोझलच्या चाचणी यंत्रापाशी हात व चेहरा फवाऱ्यासमोर आणू नये, डोळ्यांना चष्मा लावावा.

डिझेल सहसा पेट घेत नाही, हा समज उन्हाळ्यात अपुरा पडतो. भारतीय मानकानुसार डिझेलचा प्रज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. मे महिन्यात माणदेशातील दुपारचे तापमान त्याहून वर जाते आणि तापलेल्या सायलेन्सरचे तापमान तर कित्येक पटींनी अधिक असते. गेजची नळी सायलेन्सरपासून दूर बांधावी आणि सांडलेले डिझेल पुसल्याशिवाय एंजिन सुरू करू नये.

नव्या गाड्यांशी फरक

जुन्या गाडीत कोणता सिलिंडर काम करीत नाही हे ओळखण्यासाठी एंजिन चालू असता नोझलच्या नळीचा नट पान्याने थोडा सैल करतात. ज्या नटाने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच निकामी. या वेळी नटावर जाड कापड धरावे आणि हात दूर ठेवावा. कॉमन रेल पद्धतीच्या गाड्यांत मात्र नळीतील दाब हजार बारच्या पुढे जातो आणि प्रत्येक फेरीपुरता न राहता सतत टिकून असतो. तेथे चालू एंजिनाचा नट सैल करणे जिवावर बेतू शकते. त्या गाड्यांचा दाब नियंत्रक संगणकाला जोडलेल्या यंत्रावरच वाचावा. एंजिन बंद केल्यावरही दाब पूर्ण उतरण्यास काही मिनिटे द्यावी लागतात.